वखारीतली बुट्टी

आमच्या घरात सकाळी दोन आवाज असायचे. एक आई भाकरी थापायची त्याचा आणि दुसरा आप्पांच्या क्लॅरनेटचा. पहिला कधी कधी बंद असायचा, दुसरा कधीच नाही. आप्पा निपाणीतल्या एका बँड कंपनीत वाजवायचे. लाल कोट, त्याला सोनेरी झालर, पायात मात्र झिजलेली स्लिपर. वरातीच्या पुढे गाल फुगवून चालताना ते रुबाबदार दिसायचे, हे मी नाकारत नाही. पण बँडवाल्याचं पोट लग्नांवर चालतं आणि आषाढात देव झोपले की लग्नं बंद. देव चार महिने निवांत झोपायचे. आम्हाला मात्र रोज जाग यायची आणि जाग आली की भूक लागायची. गणपतीत थोडं वाजवणं व्हायचं, नवरात्रात एखादी मिरवणूक, की कोट पुन्हा खुंटीवर. त्या दिवसांतही आप्पांचा रियाज चुकायचा नाही. चूल थंड, पोरं तोंड बारीक करून बसलेली, आणि हे कोपऱ्यात डोळे मिटून भैरवी आळवतायत. शेजारीपाजारी कौतुकानं म्हणायचे, कलावंत माणूस आहे. मला विचाराल तर पीठ नसलेल्या घरात बसून रियाज करायला कला लागत नाही, कातडी जाड लागते. आई पदर खोचायची आणि वखारीला निघून जायची.

वखार तंबाखूची. आमची गल्ली तिच्या पाठीलाच होती, त्यामुळे आमच्या अंथरुणाला, दप्तराला, माठातल्या पाण्यालासुद्धा तो वास असायचा. गल्लीत नवा पाहुणा शिरला की आधी त्याची शिंक ऐकू यायची आणि मग तो दिसायचा. पत्र्याच्या लांबलचक छपराखाली बायका ओळीनं बसून पाला निवडायच्या, चाळायच्या, नाकातोंडावर फडकं बांधून. संध्याकाळी आई घरी आली की सरळ न्हाणीत जायची आणि तिच्या तोंडावरचं पाणी तपकिरी होऊन खाली यायचं. मग हुलग्याचं माडगं शिजायला लागायचं. आम्ही भावंडं, मी आणि धाकटा बाळ्या, चुलीसमोर थाळ्या घेऊन बसायचो. माडगं पातळ असायचं, गरम असायचं, आणि त्यात मीठ कमी आहे हे सांगायचं काम आप्पा न चुकता करायचे.

दुपारचा भोंगा झाला की वखारीतल्या बायका मागच्या चिंचेखाली जमायच्या. माझी शाळा जवळच होती, मधल्या सुट्टीत मी तिकडे पळायची, म्हणून हे सगळं मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. मधे एक मोठी बुट्टी, म्हणजे वेताची टोपली, तिच्यावर जुन्या लुगड्याचं फडकं. प्रत्येकीनं आपली भाकरी आधी आपल्या ओच्यात मोडायची, तुकडे मुठीत घ्यायचे आणि फडक्याखाली हात घालून बुट्टीत सोडायचे. मग बुट्टी हलवायची. मग पुन्हा एकेकीनं हात घालून हाताला लागतील ते तुकडे घ्यायचे. चटणी, खर्डा, कांदा उघड्यावर असायचा, भाकरी मात्र झाकलेली. कुणाची जोंधळ्याची, कुणाची नाचण्याची, कुणाची कालची शिळी, सगळ्या एकात एक होऊन जायच्या. नियम दोनच होते. अख्खी भाकरी टाकायची नाही आणि हात घालणारीकडे बघायचं नाही. त्या वेळी सगळ्याजणी हटकून दुसरीकडे बघत बोलायच्या, कुणाची म्हैस व्याली, कुणाची सून नांदायला आली. कारण रोज त्यातल्या काही मुठी रिकाम्या असायच्या. मिटलेली मूठ फडक्याखाली जायची, काही न सोडता उघडायची, आणि त्या बाईलाही सगळ्यांसारखीच भाकरी मिळायची. कुणाची मूठ रिकामी हे त्या चिंचेखाली कुणी विचारलं नाही, आणि कुणाला कळूनही घ्यायचं नव्हतं. ही रीत कुणी घातली ते ठाऊक नाही. वखारीतल्या सर्वांत जुन्या तानाक्का सांगायच्या की त्यांची सासू कामाला होती तेव्हाही बुट्टी होतीच.

लग्नं बंद असलेल्या महिन्यांत माझ्या आईची मूठ रिकामी असायची. सकाळी जे काही पीठ असेल त्याच्या भाकरी आमच्या आणि आप्पांच्या वाट्याला यायच्या आणि ती एक फडकं घ्यायची, त्यात दुसरं फडकं घडी करून ठेवायची आणि वरून गाठ मारायची, म्हणजे बाहेरून फुगवटा दिसावा. एकदा मी ते बघत उभी राहिले तेव्हा तिनं मला जवळ ओढलं. "सुशे, ह्ये कुणाला सांगायचं न्हाय बघ. मला तिथं तोंड हाय. लग्नं सुरू झाली की मी रोज दोन भाकरी जास्तीच्या टाकती. फिटतं समदं." तिचं म्हणणं खरं होतं. मार्गशीर्ष लागला की ती जास्तीच्या भाकऱ्या करायची आणि वखारीला निघताना तिची मान वेगळीच असायची. त्या बायकांत हौसाक्का म्हणून तिला जे तोंड होतं, तेवढंच तिच्या मालकीचं होतं. बाकी घर भाड्याचं, भांडी लग्नातली आणि नवरा क्लॅरनेटचा.

आता सूरदादांकडे येते. त्यांचं खरं नाव मी लिहिणार नाही. त्यांची फुकट जाहिरात आजवर पुष्कळांनी केली आहे. त्या काळी आमच्या भागात पानपट्टी असो की सलून, टेपवर त्यांचाच आवाज असायचा. पांढरा रेशमी झब्बा, खांद्यावर शाल, गाताना उजवा हात छातीवर आणि डोळे मिटलेले. आवाज गोड होता, अगदी गुळासारखा, आणि गुळासारखाच जास्त झाला की मळमळायचं. गाणी जुनी व्हायला लागली तशी त्यांना भूक दिसायला लागली. आधी त्यांनी भुकेवर एक गाणं केलं. ते चाललं. मग भुकेविरुद्ध मोहीम काढली. गावोगाव कार्यक्रम करायचा, दिवसभर स्वतः उपाशी राहायचं, संध्याकाळी मंचावर उपास सोडायचा आणि गरिबांना धान्याच्या पिशव्या वाटायच्या, असा बेत. पिशवी पिवळी, तिच्यावर डोळे मिटलेले सूरदादा छापलेले. निपाणीत आले की म्हणायचे माझी नाळ इथली, बेळगावात म्हणायचे माझी नाळ तिथली, आणि धारवाडच्या कार्यक्रमात हेच कानडीत म्हणाले असं ऐकलं. एका माणसाला इतक्या नाळा कशा, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. लोक रडायचे. आमच्या लोकांना रडवणं फार सोपं आहे; माईकवरून हलक्या आवाजात 'आई' म्हटलं तरी पुरतं.

निपाणीतला कार्यक्रम दसऱ्यानंतरच्या रविवारी ठरला. वखारीच्या मालकांनी पुढाकार घेतला होता. चार दिवस आधी सूरदादा मैदान बघायला आले आणि मालकांच्या बंगल्यावर उतरले, तेव्हा स्वागताला बँड बोलावला होता. आप्पांनी त्यांचंच गाणं क्लॅरनेटवर वाजवलं. सूरदादांनी डोळे मिटले, हात छातीवर नेला आणि म्हणाले, "वा! काय फुंक आहे! असे कलावंत गल्लीत सडतात, हीच आपली शोकांतिका." आप्पा त्या वाक्यावर पुढे आयुष्यभर जगले. त्या दिवशी घरी आले ते जमिनीवर नव्हतेच. "दादांनी सोता खांद्यावर हात ठिवला गं! म्हनले, फुडच्या दौऱ्याला बघू. फुडच्या दौऱ्याला!" आई तांदळातले खडे वेचत होती. तिनं विचारलं, "आणि काय म्हनले?" आप्पा म्हणाले, "काय न्हाय, वखारीचं इचारत हुते."

ते काय विचारत होते आणि आप्पांनी काय सांगितलं हे आम्हाला नंतर कळलं, पण मी इथंच सांगून टाकते. सूरदादांना कार्यक्रमासाठी काहीतरी हृदयाला हात घालणारं हवं होतं. आप्पांना त्यांना खूश करायचं होतं. आप्पांकडे द्यायला दुसरं काय होतं? त्यांनी बुट्टीची गोष्ट सांगितली. सूरदादांच्या डोळ्यांत म्हणे पाणी आलं. मग त्यांनी विचारलं, अशी रिकामी मूठ नेणारी एखादी माउली तुमच्या ओळखीची आहे का? आणि आप्पांनी सांगितलं, आहे, माझीच बायको. असं सांगताना त्यांना अभिमान वाटला असणार, याची मला खात्री आहे. घरात काहीतरी असं निघालं की जे एवढ्या मोठ्या माणसाला हवं होतं.

रविवारी सकाळी मालकांच्या बंगल्यावरून आमच्या घरात साबुदाणा आला. एवढा साबुदाणा आम्ही दुकानाबाहेर कधी पाहिला नव्हता. त्याबरोबर शेंगदाणे, वरई, रताळी, तूप. सूरदादांचा उपास होता आणि आमच्याकडे उपास म्हटला की फराळ आलाच. भुकेल्यांसाठी उपाशी राहणाऱ्या या माणसाला साबुदाण्याची खिचडी हिरव्या मिरचीची लागायची, आमटी दाण्याची, आणि वरईचा भात मोकळा. मालकीणबाईंच्या हाताला ती चव नव्हती म्हणून आप्पांनी आईचं नाव पुढे केलं होतं. आई सकाळपासून दाणे भाजत होती. भाजलेल्या दाण्यांचा खमंग वास, त्यात गरम तुपात जिरं पडल्याचा आवाज, आणि आम्ही भावंडं दारात बसून गिळत असलेली थुंकी. बाळ्यानं एक दाणा उचलला तर आप्पांनी त्याच्या हातावर चापट मारली. "उपासाचं हाय ते! देवाचं समज." आईनं आप्पांची पाठ वळल्यावर आम्हा दोघांच्या हातात चार-चार दाणे ठेवले. त्यातलं काही कमी भरलं तर बंगल्यावरचे मोजून परत मागतील, अशी आप्पांना भीती होती.

डबे घेऊन मी आप्पांबरोबर बंगल्यावर गेले. सूरदादा आतल्या खोलीत गादीवर लोडाला टेकून बसले होते. त्यांनी खिचडी खाल्ली, भात खाल्ला, रताळ्याचे काप खाल्ले, आमटी दोनदा घेतली आणि वाटी बोटानं पुसून स्वच्छ केली. मग पोटावरून हात फिरवत म्हणाले, "उपासाचं खाल्लं की भूक जास्तच पेटते, नाही का?" खोलीतले सगळे हो म्हणाले. त्यांची नजर माझ्यावर गेली. "बाळ, तू जेवलीस का?" मी तोंड उघडायच्या आत आप्पा म्हणाले, "व्हय दादा, पोटभर." सूरदादांना समाधान वाटलं. त्यांनी डोळे मिटले आणि आम्ही रिकामे डबे घेऊन निघालो.

संध्याकाळी हायस्कूलचं मैदान भरलं. खुर्च्यांवर प्रतिष्ठित मंडळी, वकील, डॉक्टर, त्यांच्या बायका काठापदराच्या साड्यांत. त्यांच्याही पुढे, मंचाला लागून, ताडपत्रीवर वखारीतल्या बायका. एरवी त्यांना कुणी पुढे बसवलं नसतं, पण त्या दिवशी भूक दिसायला हवी होती. आई त्यांच्यात बसली होती, लग्नातली हिरवी साडी नेसून, कारण आप्पांनी सांगितलं होतं की चांगली साडी नेस. तिला वाटलं, आप्पा मंचावर वाजवणार आहेत म्हणून. आप्पा खरंच मंचाच्या कडेला लाल कोटात उभे होते. मी आणि बाळ्या आईच्या मागे. तानाक्कांनी आईला चिमटा काढला, "हौसा, आज लई नटलीस गं! नवरा मोठा झाला म्हनून व्हय?" आई लाजली. ती अशी लाजलेली मी फार कमी वेळा पाहिली होती.

दोन गाणी झाली आणि सूरदादा बोलायला लागले. आवाज इतका क्षीण केला होता की मला ती बोटानं पुसलेली वाटी आठवली. म्हणाले, आज सकाळपासून माझ्या पोटात अन्नाचा कण नाही. मग एका माणसानं मंचावर टोपली आणून ठेवली. बाजारातून आणलेली कोरी, कडेला लाल फीत, वर जरीचं वस्त्र. ताडपत्रीवरच्या बायकांची कुजबुज थांबली. सूरदादांनी बुट्टीची सगळी रीत सांगितली, अगदी न बघण्यासकट, आणि मधेमधे थांबून हुंदका गिळला. मागे पेटी वाजत होती. मग म्हणाले, "त्या वखारीतली एक माउली रोज रिकामी मूठ घेऊन जाते. लेकरांना भरवते आणि स्वतः रिकामी मूठ घेऊन जाते. आज मी माझा उपास तिच्या हातचा घास घेऊन सोडणार आहे. हौसाबाई, या. लाजू नका. भुकेला लाज कसली?"

सिनेमात असतं तर या ठिकाणी तानाक्का उठून म्हणाल्या असत्या की माझीही मूठ रिकामी असते, मग दुसरी उठली असती, मग सगळ्या. तसं काही झालं नाही. सगळ्या आईकडे वळून बघायला लागल्या. इतकी वर्षं ज्या बघत नव्हत्या त्या सगळ्या एकदम बघायला लागल्या, आणि मग तितक्याच एकदम त्यांनी माना खाली घातल्या. आई हलली नाही. तिचा कान लाल झालेला मला मागून दिसत होता. मग तिनं आप्पांकडे पाहिलं. आप्पा क्लॅरनेट छातीशी धरून तिच्याकडे बघत होते, मान हलवत होते, ये ये म्हणत होते, आणि त्यांच्या तोंडावर एखाद्या पोराच्या तोंडावर जत्रेत असतो तसा आनंद होता. आई उठली. मला वाटतं ती त्या आनंदासाठी उठली. तिला तो मोडता आला नाही. ती मंचावर गेली आणि तिला सांगितलं तशी तिनं मूठ मिटून जरीच्या वस्त्राखाली घातली. फोटोग्राफरचा फ्लॅश पेटला नाही. सूरदादा म्हणाले, "पुन्हा एकदा, आई." तिनं मूठ बाहेर काढली आणि पुन्हा घातली. आत कुणीतरी भाकरीचा एक तुकडा ठेवलेला होता, तो तिनं काढून सूरदादांना भरवला. टाळ्या पडल्या. काठापदराच्या साड्यांनी डोळे पुसले. तिच्या हातात पिवळी पिशवी दिली, आणि आप्पांनी सूरदादांचं गाणं वाजवायला सुरुवात केली. वाजवलं मात्र छान. त्यांच्या आयुष्यातलं सर्वांत चांगलं वाजवणं ते त्या दिवशीचं.

तो फोटो अजून आहे. मागच्या महिन्यात एक तरुण मुलगा माझ्याकडे बेळगावात आला होता. सूरदादा आता फार थकले आहेत, त्यांच्या कार्याचा गौरव करायचा आहे, ग्रंथ काढायचा आहे, मॅडम तुम्ही निपाणीच्या, शिक्षिका होता, काही आठवण द्या. पोरगा चांगला होता, नम्र होता, बूट दाराबाहेर काढून आला. त्यानं फोनवर मुखपृष्ठ दाखवलं. त्यावर माझी आई. मूठ जरीच्या वस्त्राखाली, मान खाली, आणि तिच्या डोक्यावर सूरदादांचा हात. "ह्या बाई कोण, कळेल का?" त्यानं विचारलं. मी चष्मा लावून नीट पाहिलं आणि म्हटलं, नाही बाबा, ओळखत नाही. त्याला चहा दिला आणि पाठवून दिलं. आज लिहिते आहे कारण आई गेली, आप्पा गेले, चिंचेखाली बसणाऱ्या बहुतेक सगळ्या गेल्या, आणि आता तिचं तोंड बघून मान खाली घालेल असं कुणी उरलेलं नाही. सूरदादा आहेत, पण त्यांचे डोळे मिटलेलेच असतात.

कार्यक्रमाच्या त्या रात्री आप्पा उड्या मारतच घरी आले. "बगितलीस का हौसा? समदं मैदान रडत हुतं! मालकीणबाईबी रडत हुत्या!" आई पिवळी पिशवी भिंतीला टेकवून उभी होती. तिनं विचारलं, "तुमी सांगितलासा?" आप्पा म्हणाले, "दादांनी इचारलं गं. आनि खोटं काय हाय त्यात? कुणी हसलं का तुला?" आई मग म्हणाली, "हसलं असतं तर बरं झालं असतं." आप्पांना ते कळलं नाही. त्यांना कधीच कळलं नाही, आणि खरं सांगायचं तर मी त्यांना समजावायच्या भानगडीत कधी पडले नाही. पुढच्या दौऱ्याचं बोलावणं काही आलं नाही. मला वाटतं, खांद्यावर हात ठेवून झाल्यावर सूरदादांना त्या खांद्यावर डोकं आहे याचीही आठवण राहिली नसेल. पण आप्पा पुढची कितीतरी वर्षं पोस्टमन दिसला की दारात येऊन उभे राहायचे.

सोमवारी आई नेहमीपेक्षा लवकर उठली. पिवळ्या पिशवीत पीठ होतं, तांदूळ होते, डाळ होती. तिनं पिशवीतलं सगळं पीठ परातीत ओतलं आणि भाकरी थापायला लागली. चुलीजवळ भाकऱ्यांची चवड उभी राहिली. मी मागे लागले तरी तिनं मला एकच दिली. आमच्याकडे कर्नाटकात शाळेला मोठी सुट्टी दसऱ्याचीच असायची, त्यामुळे दुपारी मी तिच्या मागोमाग चिंचेखाली जाऊन बसले. बायका जमल्या होत्या, बोलत होत्या, पण बोलणं नेहमीचं नव्हतं. सगळ्यांचा आवाज जरा मोठा लागत होता. तानाक्कांनी आईकडे न बघता तिच्यासाठी जागा केली. आणि मग मला दिसलं की बुट्टीच्या बाजूला पानावर एक अख्खी भाकरी वेगळी काढून ठेवली होती, वर चटणीचा गोळा. "ही तुझी गं," तानाक्का हलकेच म्हणाल्या. त्यांनी ते मायेनं केलं होतं, यात काही शंका नाही.

आईनं ती भाकरी उचलून बुट्टीच्या फडक्यावर ठेवली. मग आपली गाठ सोडली आणि आणलेली सगळी चवड एक एक करून तिच्यावर ठेवायला लागली. अख्ख्या भाकऱ्या, फडक्याच्या वर, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. "मोड की गं," तानाक्का म्हणाल्या. "मोडत न्हाय," आई म्हणाली. "मोजा." कुणी हात पुढे केला नाही. "मोजा की! कुणाचं किती ते कळू दे आता. काल गावाला कळलं, आज तुमालाबी कळू दे." तिचा आवाज वाढलेला मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. "हौसाक्का, गप गं," एक तरुण पोरगी रडवेली होऊन म्हणाली. मग तानाक्कांनी पदरानं तोंड पुसलं, आपलं फडकं सोडलं आणि आपली भाकरी, अख्खीच, मांडीवर घेतली. त्यांचं बघून दुसरीनं. तिसरीनं. सगळ्या आपापली भाकरी आपापल्या मांडीवर घेऊन खायला लागल्या. भांडण कुणी केलं नाही. बुट्टी तशीच मधे राहिली आणि कुणी तिच्यात हात घातला नाही. दुसऱ्या दिवशी तिला कुणी बाहेरच काढलं नाही.

वखारीत गंगव्वा म्हणून एक म्हातारी होती. चिकोडीकडची, मराठी मोडकंतोडकं बोलायची, कुणाच्यात फार मिसळायची नाही. बुट्टीत हात घालायची तेव्हा तीही सगळ्यांसारखीच मूठ मिटून घालायची. त्या आठवड्यात ती दुपारी चिंचेखाली यायची बंद झाली. भोंगा झाला की नळाच्या कठड्यावर जाऊन बसायची, ओंजळीनं पाणी प्यायची आणि भिंतीकडे तोंड करून राहायची. एक दिवस गेला, दोन गेले. शुक्रवारी आई उठली. तिनं पिशवीतले तांदूळ दळून केलेल्या आपल्या भाकरीतली अर्धी मोडली, तीवर चटणी घेतली आणि नळाकडे गेली. मी मागोमाग गेले. आई तिच्यासमोर हात पुढे करून उभी राहिली. गंगव्वानं आधी भाकरीकडे पाहिलं, मग आईच्या तोंडाकडे. इतकी वर्षं तिनं या सगळ्यांचीच भाकरी खाल्ली होती, पण कुणा एकीच्या हातातून नाही. "ब्याड तंगी," ती म्हणाली. नको गं बाई. आणि पदर नीट करत मराठीत म्हणाली, "माजं जेवान झालंय." आई तशीच उभी राहिली. "खा की गंगव्वा. माज्याजवळ हाय." गंगव्वानं मान हलवली आणि पुन्हा भिंतीकडे तोंड केलं. सुट्टी संपल्याचा भोंगा होईपर्यंत आई तिथंच उभी होती, हात पुढे केलेला.

मग तिनं ती अर्धी भाकरी फडक्यात बांधली आणि संध्याकाळी घरी आणली. आप्पा रियाजाला बसले होते. आईनं ती मला दिली. मला भूक लागली होती, मी खाल्ली.